केसपेपरवर नसलेला रकाना

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी, यंत्रमागाची शेड. मूळ आवाज काही सेकंद, मग हळूहळू कमी.)

हा व्हिडिओ सोलापूरच्या यंत्रमाग आणि विडी कामगारांना कामामुळे होणाऱ्या आजारांबद्दल आहे. हा आवाज आम्ही एडिटिंगमध्ये बराच खाली आणलाय. शेडमध्ये दोघं एकमेकांशी बोलतात ते हातवारे करून आणि ओठ बघून. आडवा धागा ओढून नेणारा धोटा या टोकाकडून फेकला जातो, त्या टोकाला आदळतो, परत येतो. मिनिटाला शंभराच्या आसपास वेळा, आणि तेही एकाच मागावर. इथे माग ओळीनं उभे आहेत. यातूनच सोलापूरची चादर बाहेर पडते, टॉवेल बाहेर पडतो.

आपल्याकडे कामाच्या जागी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते, आणि पाळी बऱ्याचदा बारा तासांची असते. डेसिबलचं गणित फसवं आहे. तीनच डेसिबल वाढले तरी आवाजाची ऊर्जा दुप्पट होते.

कान एका दिवसात जात नाही. आधी जातात ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचे, वरच्या पट्टीतले आवाज. त्यामुळे ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, मुकादमाची हाक कळते, पण नात काय म्हणाली ते कळत नाही. स, फ, त निसटतात. घरचे म्हणतात, यांना हवं तेवढंच ऐकू येतं! आतल्या कानातल्या ज्या पेशी मेल्या त्या पुन्हा तयार होत नाहीत. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

छातीचं दुखणं वेगळं. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस. कापूस पिंजण्याच्या आणि सूतकताईच्या खात्यात त्याचा जोर जास्त, मागावर त्या मानानं कमी. सुरुवातीची खूण मात्र चुकवू नये अशी आहे: साप्ताहिक सुटी संपवून माणूस कामावर परततो, त्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, म्हणून तो विसरतो. कापसाच्या धुळीत जिवाणूंचे विषारी अंश असतात, त्यांनी श्वासनलिका आकसतात. या टप्प्यावर धुळीपासून लांब गेलं तर माणूस सावरतो. वर्षानुवर्षं तसंच काढलं तर आकसलेलं पुन्हा मोकळं होत नाही. आणि एक्स-रेत या आजाराची ठळक अशी खूण दिसत नाही. फोटो साफ, मग खोकल्याचं औषध. फोटोत डाग दिसलाच तर आधी टीबीची तपासणी. तीही हवीच, म्हणा.

रंगाच्या हौदाशी काम करणाऱ्यांची त्वचा हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. एका खोलीचं घर, उंबऱ्याशी बसलेल्या तीन बायका, मांडीवर सुपं.)

मे महिना. सोलापूरचा पारा चाळीसच्या वर. खोलीत पंखा आहे, पण बंद. चालू केला तर सुपातला तंबाखू उडतो, आणि उडालेला तंबाखू मालक भरून देत नाही.

विडीचं काम हजारीवर चालतं. हजार विड्या वळल्या की मजुरी. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मान खाली ती खालीच. पन्नाशीच्या आत मान, कंबर आणि बोटांची टोकं बोलायला लागतात. हजारी भरायची म्हटल्यावर लघवीला उठणंसुद्धा पुढे ढकललं जातं, आणि त्याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नसतो.

तंबाखू फक्त नाकातून जात नाही. निकोटिन कातडीतूनही शिरतं. आयुष्यात कधी तंबाखू न खाल्लेल्या विडी कामगारांच्या लघवीत निकोटिन आणि शरीरात त्यापासून बनणारं कोटिनिन सापडल्याचं आपल्याच देशातल्या अभ्यासांनी दाखवलंय. डोकं गरगरणं, मळमळ, भूक मरणं याला इथे 'पित्त' म्हणतात, आणि पित्ताची गोळी किराणा दुकानातही मिळते.

कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. ही मोठीच कमाई, सोलापूरच्या बायकांनी मोर्चे काढून मिळवलेली. पण घर हाच कारखाना असेल तर नव्या घरातही तंबाखूची पिशवी बाळाच्या पाळण्याजवळच येते. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं. विडीवरच्या कल्याण उपकरातून दवाखाने चालायचे, मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या. जीएसटी आला त्या २०१७ साली तो उपकर रद्द झाला.

इटलीत मोडेना इथे रामाझिनी नावाचे डॉक्टर होते. कामगारांच्या आजारांवरचा त्यांचा ग्रंथ १७०० साली निघाला. त्यात तंबाखू कामगारांवरही एक प्रकरण आहे. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा काय? आपल्या ओपीडीच्या रांगेत नाव, वय, पत्ता लिहून होतो, बहुतेकदा या प्रश्नाला वेळ उरत नाही. डॉक्टरांपुढे शंभर माणसं उभी असतात, हे मान्य.

पण विचारलं नाही तर कायदाही मुका राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्याला २९ आजारांची यादी जोडली होती. त्यातला आजार कामगाराला दिसला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. बिसिनोसिस त्यात आहे, आवाजानं येणारं बहिरेपण आहे. तंबाखूची धूळ नाही. वाकलेली मान नाही. म्हणजे मागावरच्या माणसाचा आजार कागदावर येऊ शकतो, पण येत नाही. विडीवालीच्या आजाराला कागदावर जागाच नाही.

(दृश्य: केसपेपर, जवळून.)

तेव्हा दवाखान्यात गेलात तर विचारण्याची वाट बघू नका, आपणच सांगा. यंत्रमाग, किती वर्षं, रोजचे किती तास. किंवा विड्या, दिवसाला किती. त्रास सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी वाढतो का, तेही सांगा. आणि हे सगळं केसपेपरवर लिहून घ्या. चार शेड बदललेल्या माणसाकडे नेमणुकीचं पत्र नसतं. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात बिसिनोसिस आणि बहिरेपण दोन्ही होते, २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली; पण दावा करायचा तर काम केल्याचा पुरावा लागतो. जुने केसपेपर फेकू नका. कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, मागावर लागतानाच एकदा करून ठेवा. नंतरच्या तपासणीशी ताडायला पहिला आकडा हवा. विडीवाल्या अक्कांनी कामगार ओळखपत्राचा नंबर त्याच कागदावर टाकून घ्यावा.