शंभरावा भाग आणि तुमच्या कपाटातल्या कॅसेट

(महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'संस्थापक' म्हटलं. संस्था वगैरे काही नाही हो. तीन मित्र, दोन माइक आणि सदाशिव पेठेतली रस्त्याच्या मागच्या बाजूची एक खोली, तीही उसनी. एवढ्या भांडवलावर कला-संस्कृतीवरचा आमचा मराठी पॉडकास्ट शंभराव्या भागाला पोचला. पुण्यात यावर 'बरं, मग?' असं विचारतात. तुम्ही पेढे वाटलेत.

पॉडकास्ट हा नव्या पोरांचा उद्योग आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नुसतं ऐकायला बसायची सवय पुण्याला जुनी आहे. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ सालचं, आणि सवाई गंधर्व महोत्सवही त्याच वर्षी सुरू झालेला. पुढे १९५५ च्या रामनवमीला त्याच केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात छप्पन्न गीतं. लोक ठरल्या वेळी अंघोळ-पूजा उरकून रेडिओभोवती बसायचे, हे तुमच्यापैकी अनेकांनी आईवडिलांकडून ऐकलं असेल. आज आम्ही करतो ते याहून वेगळं नाही. फरक इतकाच, की त्यांच्याकडे गदिमा आणि बाबूजी होते आणि आमच्याकडे दोन माइक आहेत.

म्हणूनच आम्ही मोठ्या नावांच्या मागे फारसे लागलो नाही. त्यांच्या मुलाखती ढिगाने आहेत. आम्ही गेलो ते नेपथ्य उभारणाऱ्यांकडे, रंगभूषाकारांकडे, तांबट आळीत मठारकाम करणाऱ्यांकडे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्यांकडे. एका भागाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण आमचा पॉडकास्ट काय आहे ते त्यात सगळं आलं.

तबला बनवणाऱ्या एका कारागिरांकडे आम्ही गेलो होतो. वय सत्तरीच्या पुढे. बोलताना हात थांबवायचे नाहीत, ही त्यांची अट. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या ताणलेल्या चामड्यावर, जी काळी शाई दिसते ती एकदम थापत नाहीत. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचा लगदा, त्याचा पातळ थर, मग गुळगुळीत दगडाने घोटणं. पुन्हा थर, पुन्हा घोटणं. मधूनच ते बोटाने टिचकी मारत, कान देत, मान हलवत आणि परत दगड उचलत. घोटता घोटता शाईला बारीक भेगा पडतात. त्या भेगांमुळेच इतका जड थर चामड्याबरोबर मोकळेपणी थरथरू शकतो. आणि या काळ्या वर्तुळामुळे तबल्याला सूर लागतो. नाहीतर चामडं ताणलेल्या साध्या वाद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर, एकमेकांशी जुळत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या तालवाद्यांच्या या गुणावर लिहिलं होतं. (नोबेल त्यांना दहा वर्षांनी मिळालं, तेही दुसऱ्याच कामासाठी. तबलजींनी यावर निषेध नोंदवायला हरकत नाही.)

तर त्या दगडाच्या घोटण्याचा आवाज आम्ही त्या भागात चांगला दोन मिनिटं ठेवला. मध्ये निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. तेव्हा एक प्रायोजक आमच्याशी बोलणी करत होते. त्यांनी भाग ऐकला आणि म्हणाले, "छान आहे, पण ही दोन मिनिटं काढा, तिथे आमची जाहिरात बरोब्बर बसेल." आम्ही चहा पाजला आणि नमस्कार केला. तेव्हापासून पॉडकास्ट श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतो. वर्गणी कशी मागायची हे पुण्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही. गणपतीत पाचवीपासून सराव असतो.

खर्चही तसा अवाढव्य नाही. माइक एकदा घेतला की घेतला. भाग साठवून ठेवायचे मासिक पैसे, रिक्षा, आणि पाहुण्यांना मानधन. मानधनाबाबत आम्ही हट्टी आहोत. लोककलावंताला 'तुमची प्रसिद्धी होईल' असं सांगून दोन तास बसवायचं, हे आम्हाला पटत नाही. त्याची तेवढ्या वेळची कार्यक्रमाची सुपारी बुडत असते.

आता वर्गणी मागेन असं वाटून मागच्या रांगेत हालचाल सुरू झाली. बसा. मला पैसे नको आहेत, कॅसेट हव्या आहेत.

आपल्या मंडळासारख्या मंडळांनी कितीतरी वर्षं महाराष्ट्रातून गवई, कीर्तनकार, नाटकवाले बोलावले. सभागृहातला कार्यक्रम संपला की कुणाच्या तरी घरी जेवण आणि जेवणानंतर खरी मैफल. गालिच्यावर एक टेपरेकॉर्डर ठेवलेला. कलाकार सैलावलेला, दोन बंदिशींच्या मध्ये ही चीज कुणाकडून मिळाली ते सांगणारा. पुण्यातल्या जाहीर कार्यक्रमात तो हे बोललाच नसता. त्या रात्रीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ती तुमच्या गॅरेजमध्ये आहे, पाठीवर फक्त 'गाणं, दिवाळी' असं लिहिलेली.

घरी गेल्यावर ती लगेच लावून बघू नका. पांढरी बुरशी दिसली तर अजिबात नाही. जुना डेक फीत गिळतो, आणि गेलेला तुकडा परत येत नाही. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर नवं काही भरलं जाणार नाही. उभी ठेवा, स्पीकरपासून लांब. बाकीचं आम्ही बघतो. डिजिटल प्रत करून मूळ कॅसेट तुम्हाला परत मिळेल. भागात वापरायची झाली तर आधी कलाकाराच्या घरच्यांना विचारू. ते नको म्हणाले तर ती प्रत फक्त जपून ठेवू.

चहाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. कोण गायलं, कुणाच्या घरी, साधारण कधी, एवढं लिहा. साल आठवत नसेल तर तेव्हा थोरला कितवीत होता ते लिहा. त्यावरून आम्ही काढतो.