आत्याची दोनशे रोपं

श्रोतेहो, नमस्कार. धाडसाचा विषय निघाला की आपण कोकणातले लोक लगेच दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे आठवतो. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, गावानं वाळीत टाकलं. मोठीच गोष्ट. पण मला आज माझ्या आत्याची गोष्ट सांगायचीय. घरचे म्हणतात, दर दोन महिन्यांनी सांगतो. सांगतो खरा.

आत्या श्रीवर्धनची. टाळेबंदीत मी तिच्याकडेच अडकलेलो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. तारीख लक्षात असेलच, ३ जून. संध्याकाळी वाडीत, म्हणजे सुपारीच्या बागेत, उभ्या पोफळी किती? अकरा! बाकी सगळ्या आडव्या.

विहिरीतल्या झावळ्या अजून निघायच्या होत्या, तोच एक गृहस्थ आले. मास्क हनुवटीवर. जमिनीचा भाव बोलले. भाव चांगला होता, खोटं कशाला बोलू? रेंज आली त्या दिवशी आतेभावाचाही मुंबईहून फोन, "विकून टाक आणि ये इकडे."

वाड्या विकल्या की चिऱ्याचा गडगा, म्हणजे सुटे दगड रचलेलं कुंपण, पाडून तिथे काँक्रीटची भिंत उठते. गडग्यातून पावसाचं पाणी वाट काढतं, भिंत ते तुंबवते. पण कोण ऐकतो! असो.

आत्यानं पाहुण्याला कोकम सरबत दिलं आणि विचारलं, "दोनशे रोपं कुठे मिळतील हो?"

मी म्हटलं, "आत्या, तू एकाहत्तर वर्षांची. पोफळ धरायला सहा-सात वर्षं." पुन्हा सांगतो श्रोतेहो, सहा-सात वर्षं! तर म्हणाली, "मला कुठे खायचीय सुपारी? दात आहेत कुठे?"

रात्री मात्र मी पाणी प्यायला उठलो, तर ही ओटीवर. वीज नव्हतीच. कंदिलाच्या उजेडात पासबुक उघडं, बोट एकाच आकड्यावर. मला पाहून पासबुक पदराखाली गेलं.

रोपं लावली. कोवळ्या पोफळीला सावलीला केळ लागते, हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवातीची वर्षं केळ्यांनीच हात दिला.

परवा तिचाच फोन. "एकीला पोय फुटलीय रे, फुलोरा आलाय. माकडांना कळायच्या आत येऊन बघून जा."