हायब्रिडची ड्राइव्ह मोटर तापतेय? आधी कूलंट फिरतंय का ते बघा

नमस्कार मंडळी! "पी०ए२एफ कोड आलाय, मोटर बदलू का?" हा प्रश्न तुम्ही सतत विचारता. हा कोड म्हणजे ड्राइव्ह मोटर जास्त तापल्याची खूण. मोटरला एवढ्यात हात लावू नका.

गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी स्कॅनर लावा आणि मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज बदलून मोटरला देणारा भाग), बाहेरची हवा यांची तापमानं बघा. तिन्ही जवळपास सारखी हवीत. मोटर एकटीच उणे चाळीसच्या आसपास दाखवत असेल, तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. थंड गाडीत भलताच मोठा आकडा दिसला, तर शॉर्ट शोधा.

आकडे बरोबर आहेत? मग कूलंट. बऱ्याच हायब्रिडमध्ये मोटर आणि इन्व्हर्टरचं कूलंट इंजिनपासून वेगळं असतं. त्याची टाकी वेगळी आणि पंप बारा व्होल्टचा, इलेक्ट्रिक.

"पंपाचा आवाज येतोय," असं बरेच जण लिहितात. अहो, आत हवा अडकली असेल तरी पंप गुणगुणतोच! टाकी काठोकाठ असली तरी कूलंट फिरतंय असं नाही. स्कॅनरवर पंप 'ऑन' दिसला, तर फक्त हुकूम गेलाय एवढंच कळतं. गाडी थंड असताना झाकण काढा, गाडी रेडी मोडला (चालायला तयार) घ्या आणि टाकीत डोकावा. कूलंट खळबळताना दिसलं पाहिजे. संथ असेल, तर पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज तपासा. ते येत असेल, तर पंप मेलाय किंवा हवा अडकलीय. ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो उघडून, कंपनीच्या पद्धतीने हवा काढा. कूलंट कंपनीने सांगितलंय तेच भरा, नुसता रंग जुळवू नका.

कूलंट नीट फिरतंय, तरी मोटर तापते? रेडिएटर चोंदलाय का, फॅन फिरतो का, ब्रेक अडकून चाक जड झालंय का, हे बघा. ट्रान्सॲक्सलचं (मोटर आणि गिअर एकत्र असलेल्या भागाचं) तेल कमी किंवा जळकट वासाचं असेल, तर तिथे शोधा.

वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, अगदी शेवटी. नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) केबलला हात लावण्याआधी गाडी बंद करा, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घाला, सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज बॅटरी तोडणारा) काढून खिशात ठेवा. किमान १० मिनिटं थांबा आणि मीटरवर शून्य व्होल्ट आल्याची खात्री करा. मग मोटरच्या केबल इन्व्हर्टरपासून सोडवा आणि मिलीओहममीटरने तिन्ही फेजच्या जोड्या मोजा. साध्या मल्टीमीटरला हा फरक दिसतच नाही. आकडे एकमेकांशी जुळत नसतील, किंवा मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) फेज आणि बॉडीमधलं इन्सुलेशन मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा कमी भरत असेल, तरच मोटर उतरवा.