खड्डा उघडल्यावर

एप्रिल. गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या सावलीत, बेण्याचा, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलेल्या कंदांचा, खड्डा उघडतोय. वर भोकं पाडलेली फळी, तळाला कोरडी वाळू, मध्ये आल्याचे कंद. फळी सरकते आणि हात आत जायच्या आधीच आंबूस वास येतो. कंद बोटाने दाबला की बोट रुततं.

शेजारच्या खड्ड्यातलं आलं टणक आहे. साल जरा सुरकुतलेली, डोळे फुगू लागलेले. बेणं एकच, जमीन एकच. फरक खताचा.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत नत्र (नायट्रोजन) टिकत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. पानं पिवळट दिसतात, बागायतदार युरियाची मूठ टाकतो. युरियात 46 टक्के नत्र. आठवड्यात वाफा हिरवागार. मग चवथ (गणेश चतुर्थी) झाली तरी मूठ थांबत नाही, थेट दसऱ्यापर्यंत. खरं तर तेव्हा झाडाने कंद पोसायचा असतो. ते मात्र नवे फुटवे काढत बसतं. जानेवारीत काढणीला कंद भरलेला दिसतो, वजनही देतो. पण आत पाणी जास्त, साल कोवळी. कुदळीचा जरासा ओरखडा, आणि बुरशीला दार मिळालं.

सगळा दोष युरियाचा नाही म्हणा. पावसात वाफ्यात पाणी तुंबलं, तर कंदकूज शेतातूनच खड्ड्यात येते.

केरळातली शिफारस हेक्टरी 75 किलो नत्र, 50 किलो स्फुरद (फॉस्फरस), 50 किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. स्फुरद लागवडीलाच द्यायचं. नत्र हप्त्यांनी, साधारण 40 आणि 90 दिवसांनी, त्यानंतर नाही. पालाश पानातली साखर कंदाकडे पोचवायला मदत करतं. त्याने कंद भरतो, साल पक्की होते. दुसऱ्या खड्ड्यातल्या आल्याला हे हप्ते पाळले होते. शिवाय भरपूर शेणखत, वर पाल्याचं आच्छादन आणि चुलीतली राख. राखेत पालाश असतं, मातीचा आंबटपणाही थोडा उतरतो. फुकटची, म्हणून तिला खतात कुणी धरत नाही.

आता सडके कंद वेगळे होतायत. बाकीचे पुन्हा वाळूत जातील, दर पंधरा दिवसांनी तपासले जातील. लागवड मेअखेर. टणक बेणं दोन्ही वाफ्यांना पुरणार नाही. कमी पडेल तेवढं विकत आणायचं.