वर्दीतला अत्याचार आणि राज्यावरचा दावा

पोलिसानेच बाईवर लैंगिक अत्याचार केला तर पुढे काय, असं विचारलं की सगळे गुन्हा नोंदवण्याबद्दल बोलतात. तो नोंदवायलाच हवा. पण फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो आणि पीडित बाई त्यात साक्षीदार असते. वकील सरकारचा, तपास बहुधा आरोपीच्याच खात्याचा. नुकसानभरपाईच्या दाव्यात ती वादी असते. वकील तिने नेमलेला, मागणी तिने ठरवलेली, आणि प्रतिवादी म्हणून त्या पोलिसासोबत त्याला वर्दी चढवणारं राज्यही उभं करता येतं.

राज्याकडून पैसे वसूल होतात का? 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं होतं. मीरतमध्ये पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सोन्याच्या मालकाला सांगितलं गेलं की हे सार्वभौम सत्तेचं (राज्याने राज्य म्हणून करायचं) काम, भरपाई नाही. कस्तुरीलाल निकाल म्हणतात तो हाच. सरकारी वकील अजून तो काढतात, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवा. उत्तर आहे 1993 चा नीलाबती बेहेरा निकाल. कोठडीत मरण पावलेल्या मुलाच्या आईने पाठवलेलं पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं, दीड लाख मंजूर केले आणि बजावलं की मूलभूत हक्काचा भंग झाला असेल तर सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही. पुढे 2000 साली हावडा स्टेशनच्या यात्री निवासात झालेल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात बांगलादेशी महिलेला 10 लाख देण्याचा आदेश कायम झाला. तिथे रेल्वेचे कर्मचारी होते, पोलीस नव्हते. पण कर्मचाऱ्यांच्या कृत्याची जबाबदारी शासनावर येते, हा मुद्दा तसाच लागू पडतो.

म्हणून पहिला रस्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्कभंगाविरुद्धची याचिका. ते प्रतिज्ञापत्रांवर चालतं, त्यामुळे वेळ वाचतो. मात्र प्रकार घडला का यावरच वाद असेल तर न्यायालय बहुधा सांगतं, दिवाणी कोर्टात जा. रिट टिकायला कागद लागतो: वैद्यकीय अहवाल, स्टेशन डायरी (ठाण्याची रोजची नोंदवही), खात्यांतर्गत चौकशीचा निष्कर्ष. आणि सीसीटीव्ही. 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार ठाण्यातलं चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर जपायचं आहे. चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. एवढं एक काम कुणीही कार्यकर्ता करू शकतो.

दुसरा रस्ता दिवाणी दावा. तो आपल्याकडे फार कमी लोक लावतात, याचं मला वाईट वाटतं. इथे संशयातीत पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय एवढंच पाहतात; म्हणून आरोपी निर्दोष सुटला तरी दावा संपत नाही. अडचण मुदतीची आहे. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने तीही टळते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांवर दावा लावायला सहा महिन्यांची मर्यादा आहे. बलात्कार कुठल्या कर्तव्यात बसतो, हा युक्तिवाद आपला आहेच, पण तो करायची वेळ येऊ देऊ नका. लवकर लावा.

मानवाधिकार आयोगाकडे वर्षभरात तक्रार करता येते. आयोग भरपाईची शिफारस करतो, हुकूम देत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 396 खालची पीडितांच्या भरपाईची योजना वेगळी. शिक्षा होण्याची वाट न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारासाठी किमान 4, कमाल 7 लाख आहेत. ही मदत आहे. ती घेतली म्हणून राज्यावरचा दावा सोडून दिला, असा अर्थ कुणी काढू लागला तर ऐकू नका.

वकिलाच्या फीची चिंता करणाऱ्यांना सांगा, 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. याचिकेत नाव झाकण्याची विनंती सुरुवातीलाच करा. आणि राज्याने भरलेली रक्कम त्या अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करावी, ही मागणी प्रार्थनेत (याचिकेतल्या मागण्यांच्या भागात) वेगळ्या परिच्छेदात लिहा; मागितली नाही तर ती आपणहून कुणी देणार नाही.