तपासणी आपल्याच तालुक्यात

(दृश्य: पुणे-बेंगळुरू महामार्ग, कोगनोळी टोलनाका. ट्रकांची रांग.)

कागल मागं पडलं की कोगनोळीचा टोलनाका. इथून पुढं कर्नाटक. पाट्या कन्नड होतात, चहाच्या गाड्यावरचं बोलणं मात्र मराठीच राहतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी, खानापूर, या सगळ्या पट्ट्यातली माणसं दवाखान्यासाठी कधी बेळगाव गाठतात, कधी कोल्हापूर, कधी मिरज. त्यात नवल काही नाही. पण एक तपासणी अशी आहे, जिच्यासाठी जवळचा दवाखाना सोडून मुद्दाम लांब जायचं असतं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून.

ती तपासणी एचआयव्हीची.

(दृश्य: तालुका दवाखाना, तपासणीची खोली.)

बोटाच्या टोकाला सुई टोचतात. रक्ताचा एक थेंब प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर, त्यावर औषधाचे दोन-तीन थेंब. मग पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसायचं. ही मिनिटं फार जड जातात, हे खरं. पट्टीवर एक रेघ उमटली तर ती फक्त पट्टी चालू असल्याची खूण. दुसरीही उमटली तरी निदान झालं असं समजू नका. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह रिपोर्ट देत नाहीत. आणि धोका चार दिवसांपूर्वीच झाला असेल, तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही; तीन महिन्यांनी पुन्हा या. एक पैसा लागत नाही.

गरोदर बाईची ही तपासणी पहिल्या खेपेलाच होते, गरोदरपणाच्या नोंदीचं तायी कार्ड काढतानाच. ती टाळू नका. आईला वेळेवर गोळ्या आणि जन्मल्यावर बाळाला औषध मिळालं, तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्या खाली येतो. काहीच केलं नाही, तर तो 15 ते 45 टक्के असतो. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते.

(दृश्य: महामार्ग, यमगर्णीचा पूल. वेदगंगेचं पात्र.)

तपासणीला एकदा लपून जाता येतं. औषधाचं काय? ते आयुष्यभर घ्यायचं आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात इथं यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. ज्यांचं औषध पलीकडच्या गावात, त्यांनी अशा वेळी काय करायचं? पूर नसला तरी दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. मग एक खेप चुकते, दुसरीही. गोळ्यांत खंड पडत गेला की विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. आमचं सांगणं एवढ्यासाठीच आहे: लाजेपायी लांबचं केंद्र धरू नका.

आता औषधाबद्दल. 2004 पासून सरकार ते फुकट देतं. पूर्वी रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी-4 पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. 2017 पासून ती अट गेली. लागण कळली की उपचार सुरू. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते.

(दृश्य: गोळ्यांची पांढरी बाटली, जवळून. लेबल नखानं खरवडलेलं.)

हे लेबल असं का खरवडलंय, ते घराघरातल्या बायकांना विचारावं लागत नाही. सासूला वाचता येत नसलं तरी नातवाला येतं.

पण याच बाटलीतली गोळी न चुकता घेतली, रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे ऐकून कितीतरी नवरा-बायकोंच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मग आम्ही ते कुजबुजत का सांगायचं?

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतिणींकडे बोट दाखवून हा रोग 'त्यांचा' म्हणणं वर्षानुवर्षं चाललं. देवदासी प्रथेवर कर्नाटकात 1982 चा बंदी कायदा आहे, तरी बोट काही खाली आलं नाही. आणि नवऱ्याखेरीज कुणाला न ओळखणारी बाई बाळंतपणाच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघाली, की दोष पुन्हा तिच्यावरच.

तिच्या बाजूनं कायदा आहे. 2017 साली झालेला एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. या कारणानं नोकरीवरून काढायला, उपचार नाकारायलाही कायद्यानं मनाई आहे. समुपदेशकाला मराठी येत नसेल, तर मराठीत समजावणारं माणूस मागा. त्यात संकोच कसला?

(दृश्य: ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर.)

तोडणीला किंवा ट्रकवर महिनोन् महिने बाहेर जाणार असाल, तर निघण्याआधी एआरटी केंद्रात, म्हणजे जिथून या गोळ्या मिळतात तिथं, सांगा. जिथं जाल तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय होते. जाताना उपचाराचं कार्ड सोबत घ्या. निरोध बरोबर ठेवा. आणि जबरदस्ती झाली असेल, वापरलेली सुई टोचली असेल, तर सकाळची वाट बघू नका. 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी दवाखान्यात पोचून औषध सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं. विचारायचं असेल तर 1097 हा फोन फुकट आहे.