नोंदवहीच्या रकान्याबाहेरची बाई

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात पात्र जोडप्यांची, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या विवाहित जोडप्यांची, एक नोंदवही असते. लग्नाच्या वेळचे वय, हयात मुलगे किती, मुली किती, धाकट्या मुलाचे वय काय, संततिनियमनाचे कोणते साधन वापरतात, शस्त्रक्रिया झाली आहे की नाही, असे तिचे रकाने असतात. तिच्या शेजारी गरोदर मातांची आणि लसीकरणाची नोंद असते. आशाताई आणि आरोग्यसेविका पावसापाण्यात पाखाड्या चढून-उतरून हे रकाने भरतात. त्या कष्टांचे मोल मी कमी लेखत नाही. 2018 ते 2020 या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या आणि महाराष्ट्रात 33. हा फरक पडण्यामागे या नोंदींचा आणि त्यामागच्या पायपिटीचा मोठा वाटा आहे.

पण मुले मोठी झालेली, शस्त्रक्रिया होऊन पंधरा-वीस वर्षे लोटलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई या वह्यांत कुठे सापडते? अलीकडे तिशीनंतरच्या माणसांचा रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांची तपासणी सुरू झाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याआधीची कित्येक दशके मात्र सरकारी आरोग्यसेवेच्या लेखी बाई म्हणजे मूल होणारी किंवा मूल होणे थांबवायची व्यक्ती, एवढाच हिशेब होता. हे रकाने कोण ठरवते आणि त्यांत काय राहून जाते, याविषयी आज मला बोलायचे आहे.

ते डॉक्टर ठरवत नाहीत. 1952 साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश होता. पाठोपाठ 1954 साली मुंबईत गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीसाठी एक विभाग उघडण्यात आला. परळच्या ज्या संस्थेत आज प्रजननाच्या आरोग्यावर संशोधन चालते, तिचे मूळ त्या चाचणी विभागात आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे पुष्कळ चांगले काम केले. तरीही देशाने बाईच्या शरीराकडे संशोधनाच्या नजरेने पाहायला सुरुवात केली ती लोकसंख्येच्या काळजीतून, आणि त्या सुरुवातीची छाप अजून पुरती पुसलेली नाही.

आता मी आपल्या कोकणातल्याच एका माणसाकडे वळते. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले, म्हणजे कर्वे जगाच्या बरोबरीने चालत होते. 1927 पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढू लागले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. संततिनियमनाच्या या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, दंड झाले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला. पुढे 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. त्यामागचे विचार बाबासाहेबांचे होते आणि त्यांच्या पक्षाचे सभासद रोहम यांनी तो मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

यानंतर अवघ्या 14 वर्षांनी हाच विषय सरकारी कार्यक्रम झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साधने बहुतेक तीच होती. कर्वे म्हणत होते की मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे बाईला ठरवता आले पाहिजे. हे म्हणणे अश्लील ठरले. सरकार म्हणू लागले की देशाची लोकसंख्या आटोक्यात आली पाहिजे, आणि त्यासाठी उद्दिष्टे ठरली, निधी आला, शिबिरे भरली. निर्णयाची दोरी बाईच्या हाती जाणार असेल तेव्हा विरोध झाला आणि ती सरकारच्या हाती राहणार असेल तेव्हा पाठिंबा मिळाला. स्त्रियांच्या आरोग्याचे राजकारण समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पुढचा इतिहासही हेच सांगतो. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या आणि पुष्कळ सक्तीने झालेल्या होत्या. लोकांनी मतपेटीतून त्याचे उत्तर दिले आणि सरकार पडले. त्यानंतर पुरुषांच्या नसबंदीचे नाव काढायला कोणताही पक्ष धजावला नाही आणि सगळा भार बायकांवर आला. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची नसबंदी झाल्याचे प्रमाण होते 0.3 टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया लहान, कमी जोखमीची आणि लवकर बरी होणारी असते, हे वैद्यकशास्त्र इतकी वर्षे सांगत आहे. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यानंतर 13 जणींचा मृत्यू झाला. तेव्हा कुठे, 2016 साली, अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला.

श्रोतेहो, बाईची बाकीची दुखणी विचारलीच गेली नाहीत, तर काय झाकलेले राहते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. अंगावरून पांढरे जाणे, पाळीच्या तक्रारी, जंतुसंसर्ग, हे सारे ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोसले जात होते. त्या काळी ग्रामीण आरोग्याच्या योजनांत स्त्रीरोगांना जवळपास स्थानच नव्हते.

परदेशातही फार वेगळे घडले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1977 साली, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणी घेतल्याने बाळे जन्मतःच व्यंग घेऊन आली होती; त्या भयंकर अनुभवानंतर त्यामागे काळजी होती, हे खरे. परिणाम असा झाला की पुरुषांवर तपासलेली औषधे बायका वर्षानुवर्षे घेत राहिल्या. तिथल्या स्त्री लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरला आणि 1993 साली कायदा झाला, की सरकारी पैशाने होणाऱ्या चाचण्यांत स्त्रियांचा समावेश केलाच पाहिजे. झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या औषधाला तिथे 1992 साली मंजुरी मिळाली होती. ते स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, तेव्हा त्यांची मात्रा निम्मी करावी, ही सूचना 2013 साली आली.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला या भागांतल्या काजूच्या कारखान्यांत बहुतांश कामगार बायका आहेत. काजूबीच्या टरफलात एक जळजळीत तेल असते. बी फोडताना ते बोटांना लागते, कातडी काळी पडते, सोलवटते, भेगा पडतात. हाताला खोबरेल चोळून किंवा राख लावून कामाला बसायचे, ही पद्धत आईकडून मुलीकडे आलेली. त्या हातांनी घरी जाऊन पीठ मळायचे आणि मिरचीचे वाटण करायचे, म्हणजे काय होते ते ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. त्या तेलाचा रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेकमध्ये कसा उपयोग होतो यावर भरपूर संशोधन झाले आहे. काजूच्या झाडावरही झाले, आणि ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ ही वाणे आपल्या बागायतदारांना तोंडपाठ आहेत. त्याचा मला अभिमानच आहे. त्या बियांची टरफले फोडणाऱ्या हातांचे काय झाले, याची नोंद तितक्या चिकाटीने कोणी ठेवली? आरोग्य केंद्रात ती बाई मलम घेऊन जाते. केसपेपरावर ‘त्वचाविकार’ लिहिले जाते आणि ती काय काम करते हे लिहिले जात नाही. जे लिहिलेच जात नाही, त्यावर पुढे कोणी अभ्यास करू म्हटले तर आकडे आणायचे कुठून?

लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून, पायांना चिखल्या होईपर्यंत पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायकांचे तेच आहे. बंदरावर पहाटेपासून लिलावासाठी थांबणाऱ्या आणि आडोसा नाही म्हणून दुपारपर्यंत घोटभर पाणी न पिणाऱ्या मासेविक्रेत्या भगिनींचेही तेच आहे.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात 1036. हे आकडे भाषणांत कौतुकाने सांगितले जातात. त्यांचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे, की गावचे पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले. सहा वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण पाहिले तर या दोन्ही जिल्ह्यांत मुली मुलांपेक्षा कमीच भरतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, आणि तो मुंबईतल्या स्त्री संघटनांनी व सजग डॉक्टरांनी नेटाने चालवलेल्या मोहिमेमुळे झाला, याची आठवण मी इथे मुद्दाम करून देते.

चाकरमान्यांच्या या गावांत एक अडचण आहे, जी कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही. दिवस राहिले आणि गर्भ ठेवायचा नसेल, तर 1971 च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. 2021 च्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितींत मुदत 20 आठवड्यांवरून 24 आठवड्यांपर्यंत वाढली. 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या वाढीव मुदतीत विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही. असे असूनही अनेक दवाखान्यांत ‘नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागेल’ असे सांगितले जाते. नवरा असतो डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात, आणि तो येणार गणपतीला, नाहीतर शिमग्याला. तोवर आठवडे उलटतात. कायद्याने नसलेली एक सही बाईचा हक्क मुदतीबाहेर ढकलते, आणि मग ती लपूनछपून, धोक्याच्या ठिकाणी जाते. अशी सही मागणे चुकीचे आहे. ज्या भगिनींना ती मागितली जाईल, त्यांनी कायद्याचा आधार मागावा.

संमतीचा प्रश्न संशोधनातही येतो आणि तिथे तो फार महागात पडतो. 2009 साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना प्रायोगिक प्रकल्पात देण्यात आली. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाले नव्हते, असे चौकशीत आढळले. पण त्याच चौकशीत आणि नंतर संसदीय समितीच्या 2013 च्या अहवालात हेही पुढे आले, की वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. त्या मुली गरीब आणि आदिवासी होत्या, त्यांच्या आईबापांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. एका चांगल्या लशीविषयीचा विश्वास त्यामुळे गेला. 2022 साली भारतीय बनावटीची लस जाहीर झाली आणि 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वयोगटातल्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. मधली वर्षे वाया गेली. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या मुलींना ही लस मिळावी, आणि ती देताना आईवडिलांना आणि मुलीला पुरती माहिती देऊन विचारले जावे.

चांगल्या बाजूने सांगण्यासारखेही इथेच आहे. चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घ पल्ल्याचा अभ्यास हाती घेण्यात आला आहे. आई होण्याच्या कितीतरी आधी मुलीचे पोषण कसे होते आणि त्याचा तिच्या पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे त्यात पाहिले जाते. बाहेरून आलेल्या कोणी चार दिवस पाहणी करून निघून जाण्यापेक्षा असे काम मोलाचे आहे. त्याला सरकारी निधीचे सातत्य हवे. निधी तुटला की काय होते याचा इशारा अमेरिकेने दिलेला आहे. तिथे 1991 पासून चाललेल्या, एक लाख साठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या आरोग्य-अभ्यासाचे पैसे थांबवण्याचे 2025 च्या एप्रिलमध्ये सरकारने ठरवले, आणि शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर तो निर्णय मागे घ्यावा लागला.

आपल्या हाताशी काय आहे? महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, आणि ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा दहावा भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा आहे. पुष्कळ ठिकाणी ही महिला सभा कागदावर होते, सह्या घरोघरी फिरून गोळा केल्या जातात. येत्या सभेला प्रत्यक्ष जा. दहा टक्क्यांचा हिशेब मागा. काजू कारखान्यातल्या बायकांना हातमोजे मिळतात का, बंदरावर वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, उपकेंद्रात केसपेपर लिहिताना बाईला तिचे काम विचारले जाते का, हे तीन प्रश्न ठरावात लेखी घालायला सांगा, आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला पाठवा.

नमस्कार.